अनुभव धागा: ७२ तासांत तुमच्या भाषेनं कुठे तारलं, कुठे मारलं?

आयसीएफपी ही फंक्शनल प्रोग्रामिंगवरची (एकदा ठेवलेली किंमत शक्यतो न बदलता, फंक्शनं जोडून प्रोग्राम लिहिण्याच्या पद्धतीवरची) आंतरराष्ट्रीय परिषद. तिच्या जोडीनं १९९८ पासून दरवर्षी एक प्रोग्रामिंग स्पर्धा होते. कोडं जाहीर झालं की हातात ७२ तास. पहिल्या २४ तासांत जेवढं जमेल तेवढं ‘लाइटनिंग’ गटात. टीम कितीही जणांची, भाषा कुठलीही. जिंकलेल्या टीमची भाषा ही ‘चोखंदळ हॅकरांच्या पसंतीची भाषा’ असल्याचं परिषदेत गंभीर चेहऱ्यानं जाहीर होतं. दुसऱ्या क्रमांकाच्या भाषेला ‘बऱ्याच कामांना उत्तम अवजार’ आणि तिसऱ्या क्रमांकाच्या भाषेला ‘तशी काही वाईट नाही’. मला हा तिसरा किताब सगळ्यांत आवडतो. आपल्या बहुतेक प्रोग्रामांबद्दल प्रामाणिकपणे इतकंच म्हणता येतं.

फंक्शनलवाल्यांच्या घरचं कार्य असूनही पहिल्याच वर्षी सी भाषेच्या पोटातून निघालेली सिल्क जिंकली. पुढची दोन वर्षं ओकॅमल, मग २००१ मध्ये हॅस्केल, दोन्ही घरच्याच फंक्शनल भाषा. पण इथे निकाल नकोत, अनुभव हवेत. ‘कुठली भाषा श्रेष्ठ’ हा वादही नको. तो आपण उरलेले ३६२ दिवस घालतोच.

सुरुवात मी करतो. २००६. कार्नेगी मेलनच्या आयोजकांनी कथा रचली होती की एका प्राचीन पंथाचे अवशेष सापडलेत, आणि त्या पंथानं म्हणे वालुकाश्माच्या पाट्यांवर चालणारा संगणक बनवला होता. आठ रजिस्टरं (आकडे ठेवायचे कप्पे), ० ते १३ अशा चौदा आज्ञा, सगळं ३२ बिटी. तुम्ही ते यंत्र लिहायचं आणि त्यावर त्यांची फाइल चालवायची. मी ओकॅमल घेतलं. तासाभरात यंत्र तयार, चालवलं तर ढिम्म. एकही अक्षर छापलं जाईना. रात्रभर आज्ञांची यादी घासून वाचली, चूक सापडेना. पहाटे शेवटी ठरवलं की कुठली आज्ञा किती वेळा येते ते नुसतं मोजायचं. आल्या त्या सगळ्या ० ते ७ मधल्या. ८ ते १३ एकदाही नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझं मशीन ३२ बिटी, आणि ओकॅमलचा साधा पूर्णांक तिथे ३१ बिटांचा. एक बिट भाषा स्वतःच्या खुणेसाठी ठेवते. आज्ञेचा क्रमांक वरच्या चार बिटांत होता, त्यातला सगळ्यांत वरचा बिट गळून पडत होता. म्हणजे ‘नवी पाटी आण’ ही आठवी आज्ञा शून्यावी होत होती, ‘अक्षर छाप’ ही दहावी आज्ञा ‘पाटीवर लिही’ होत होती. माझं यंत्र अत्यंत आज्ञाधारकपणे भलतंच काम करत होतं. ३२ बिटी वेगळा प्रकार वापरावा तर प्रत्येक बेरजेला मेमरीत नवी पेटी, वेग बसला. मग पाट्यांसाठी अशा पेट्या न बनवणारा बिगअ‍ॅरे, रजिस्टरांसाठी आणखी कसरत. पुढे आत एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम निघाली, तिच्यात रोमन आकड्यांत ओळी मोजणारी बेसिक भाषा! पण ती बघायला आमच्याकडे एकच दिवस उरला होता.

आता तुम्ही.

निनावी लॅम्डा

तेच वर्ष, हॅस्केल. माझं यंत्र चालत होतं, पण असं की गोगलगायीनं ओव्हरटेक करावं. पाटीवर एक आकडा बदलायचा तर मी अख्खी पाटी नव्यानं बनवत होतो, कारण ‘बदल करणं पाप’ हे अंगात मुरलेलं. वर ‘दुसरी पाटी चालवायला घे’ ही बारावी आज्ञा होती, आणि पाटी क्रमांक शून्य असेल तर ती नुसती उडी असते, नक्कल करायची नसते. मी दर उडीला नक्कल करत होतो. दोन्ही दुरुस्त केल्यावर, म्हणजे आयओमधले (हॅस्केलमध्ये बदलांना परवानगी असलेल्या कोपऱ्यातले) साधे बदलते अ‍ॅरे वापरल्यावर, माझा हॅस्केल कोड सीसारखा दिसायला लागला. टीममधल्या एकानं तो वाचून विचारलं, “मग सीच का नाही घेतलं?” अजून उत्तर दिलेलं नाही.

त्या वर्षीच्या विजेत्यांनी आपली भाषा म्हणून ‘टू-डी’ जाहीर केली होती. ती त्या कोड्याच्या आतच सापडणारी, चौकटी काढून लिहायची भाषा. ह्याला म्हणतात खोड काढणं.

आळशी थंक

२००७ कुणी केलं होतं का? उट्रेख्टवाल्यांचं. एन्डो नावाचा परग्रहवासी पृथ्वीवर आदळलाय, त्याचा डीएनए दुरुस्त करायचा. डीएनएची अक्षरं चारच: आय, सी, एफ, पी. लांबी सुमारे ७५ लाख. तो डीएनए स्वतःच प्रोग्राम आहे. सुरुवातीची अक्षरं वाचायची, त्यातून एक नमुना आणि एक साचा निघतो, पुढच्या भागात नमुना जुळवायचा, जुळलेलं कापून साचा तिथे चिकटवायचा, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यातून चित्र निघतं.

आम्ही नवखे. हॅस्केलची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, ही एक साखळी असते. ६४ बिटी मशीनवर एका अक्षरामागे २४ बाइट, म्हणजे एन्डो नुसता मेमरीत येऊन बसायलाच १८ कोटी बाइट. ते एक वेळ चाललं असतं. पण नमुना म्हणतो ‘पुढची लाखभर अक्षरं सोड’, आणि साखळीत लाखभर सोडायची म्हणजे लाखभर कड्या मोजत चालायचं. अशा फेऱ्या लाखोंनी. आमच्या अंदाजानं चित्र पूर्ण व्हायला स्पर्धा संपून आठवडा लागला असता.

मग एकीला आठवलं की फिंगर ट्री नावाची रचना नुकतीच वाचली होती. दोन्ही टोकांना जोडणं स्वस्त, मधून कापणंही स्वस्त. डीएनएचे तुकडे तिच्यात टांगले. जुने तुकडे कधीच बदलत नसल्यामुळे कापलेला भाग कॉपी करायची गरजच नाही, फक्त बोट दाखवायचं. वर निनावी लॅम्डाला न-बदलण्यानं मारलं, आम्हाला त्यानंच तारलं. चित्र रविवारी दुपारी उमटलं. पूर्ण दुरुस्त काही झालं नाही, पण ते उमटताना बघत आम्ही चौघं एका शब्दानं बोललो नाही.

टाइपभीरू

माझा छोटाच. २००५, चोर-पोलिसांचा खेळ. खेळाडू लिहून पाठवला, संपलं असं वाटलं. खोच अशी की दोनेक आठवड्यांनी नियम बदलणार आणि तोच कोड नव्या नियमांना जुळवून घ्यायचा. पहिल्या फेरीत मी टाइप (कुठली माहिती कुठल्या प्रकारची, हे) लिहीत बसलो म्हणून टीमनं डोकं खाल्लं होतं. दुसऱ्या फेरीत मी मूळ टाइपमध्ये नवा पर्याय घातला, कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) चालवला आणि त्यानं कुठे कुठे हात लावायचाय त्याची यादीच हातात ठेवली. वरून खालपर्यंत एकेक ओळ दुरुस्त केली. कुणी सॉरी म्हटलं नाही, पण कुरकुर थांबली.

कंसप्रेमी

२०१४ चं कोडं लिस्पवाल्यांना (लिस्प म्हणजे कंसांनी गजबजलेली भाषा) आंदण दिल्यासारखं होतं. पॅकमॅनसारखा खेळ, नायक लॅम्डामॅन. त्याचा मेंदू ज्या प्रोसेसरवर चालायचा त्याचं नाव जीसीसी, आणि भुतांचे मेंदू जीएचसीवर! (खरं तर जीसीसी हा सीचा कंपायलर आणि जीएचसी हॅस्केलचा. नावं वाचून टीममधला हॅस्केलवाला दुखावला.) लॅम्डामॅनच्या प्रोसेसरच्या आज्ञा बघितल्या: कॉन्स, कार, सीडीआर, क्लोजर बनव, क्लोजर चालव. म्हणजे मशीनच अर्धं लिस्प. आम्ही हातानं असेंब्ली (थेट मशीनच्या आज्ञा) लिहिण्यात वेळ न घालवता स्कीमसारख्या, म्हणजे लिस्पच्याच घरातल्या, भाषेचा कंपायलर लिहिला, साडेतीन तासांत. कंस वाचायचा पार्सर तर आयताच होता.

भुतांच्या बाजूला मात्र ८ बिटी रजिस्टरं आणि जेमतेम २५६ आज्ञांची जागा. तिथे आमची मस्ती उतरली. आमची भुतं एका कोपऱ्यात येरझाऱ्या घालत बसायची, लॅम्डामॅन समोरून निघून जायचा.

शेपटीची हाक

आता एक रडगाणं. २०१३. सर्व्हरकडे एक गुप्त फंक्शन असतं, ६४ बिटी आकडा घ्यायचं, ६४ बिटी आकडा द्यायचं. त्याचा आकार माहीत, त्यात कुठल्या क्रिया वापरल्यात तेही माहीत: शिफ्ट, अँड, ऑर, एक्सॉर, बेरीज, कधी फोल्ड. तुम्ही आकडे पाठवून उत्तरं मागवायची आणि तसंच वागणारं फंक्शन शोधून काढायचं. पण पहिला प्रश्न विचारला की घड्याळ सुरू. पाच मिनिटं. नाही जमलं तर ते कोडं कायमचं गेलं.

हॅस्केलमध्ये सुरुवात स्वप्नवत झाली. आकारानुसार सगळ्या फंक्शनांची अनंत यादी लिहायची आणि मिळालेल्या उत्तरांशी जुळणारी तेवढी गाळून घ्यायची. वीसेक ओळी. लहान आकाराची कोडी पटापट सुटली. सरावासाठी सर्व्हर हवी तितकी खोटी कोडी देत होता, त्याचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवला होता.

शनिवारी मध्यरात्री मोठ्या आकारांसाठी नवा कोड लिहिला, सरावावर चालवून बघितला आणि झोपलो. सकाळी बघतो तर सराव नव्हताच तो. खरी कोडी एकामागून एक उघडून, प्रत्येकाला पाच मिनिटं देऊन, रात्रभर वाया घालवली होती. व्हेरिएबल मीच संध्याकाळी बदललं होतं. टाइप काय तर दोन्ही पत्ते स्ट्रिंगच! टाइपभीरू, तुम्ही आमच्या टीममध्ये हवे होता.

टाइपभीरू

@शेपटीची हाक: सरावाच्या कोड्याला वेगळा टाइप, खऱ्याला वेगळा. दोन ओळी जास्त. पुढल्या वेळी हाक मारा, येतो.

अपूर्णांक

२०१६ ला ओरिगामी होती. एकक चौरसाला घड्या घालून दिलेल्या आकृतीवर तंतोतंत बसवायचा. सगळे सहनिर्देशक अपूर्णांकांत, आणि अंश-छेद कधी कधी अर्धी ओळ भरतील एवढे. शेजारची सी++ वाली टीम पहिला अर्धा दिवस मोठे आकडे आणि लसावि-मसावि करत बसली. मी टाइपच्या जागी रॅशनल (अचूक अपूर्णांकाचा तयार टाइप) लिहिलं आणि पुढे गेले. एवढंच कौतुक. खरी घडी कुठे घालायची हे शोधणं मला जमलं नाहीच, त्यामुळे माझी चुकीची उत्तरं अतिशय अचूक होती.

आळशी थंक

पुन्हा मीच, पण २०२० बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. त्या वर्षी अंतराळातून संदेश आलेत अशी कल्पना होती. स्पर्धेच्या आधीपासूनच ठिपक्यांची चित्रं यायला लागली आणि अनोळखी लोक मिळून त्यांचा अर्थ लावत होते. हा आकडा, ही बेरीज, हे बरोबरचं चिन्ह. मग एक दिवस ओळखीचा चेहरा दिसला: एस कॉम्बिनेटर, म्हणजे दिलेल्या गोष्टी नुसत्या जोडणारं एक मूलभूत फंक्शन. पुढे के, आय. चर्चेत नुसता जल्लोष.

स्पर्धा सुरू झाल्यावर ‘गॅलेक्सी’ नावाचं प्रचंड सूत्र मिळालं, ते चालवायचं. या वेळी टीमनं पायथन घेतलं होतं, मी अल्पमतात. साधा रिकर्सिव्ह (स्वतःलाच हाक मारत जाणारा) इव्हॅल्युएटर, म्हणजे सूत्र चालवणारा प्रोग्राम, लिहिला, तो गेला तो परत आलाच नाही. आधी आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली किंमत) काढून ठेवायचा हट्ट सोडला, तरी तेच. कारण एस त्याचं तिसरं आर्ग्युमेंट दोनदा वापरतो. प्रत प्रत करत गेलात की काम दुपटीनं वाढतं, त्या दोनातल्या प्रत्येकाची पुन्हा दोन. दोन्ही जागी एकच गाठ ठेवायची, एकदा उत्तर निघालं की ते गाठीवरच लिहून टाकायचं, हे मी बोर्डावर काढून दाखवलं. हॅस्केल आपल्यासाठी गुपचूप काय करतं हे मला पंधरा वर्षं वापरूनही त्या रात्री पायथनमध्ये कळलं. पडद्यावर ठिपके आले, त्यावर माउसनं क्लिक केलं, आणि आकृती बदलली.

निनावी लॅम्डा

@आळशी थंक: गाठीवर उत्तर लिहून टाकायचं म्हणजे बदल करायचा ना? पाप!

वायफळ कॉम्बिनेटर

मी पहिल्यांदा उतरले २०२४ ला, एकटी. पहिली गंमत अशी की सर्व्हरशी बोलायचं तेही त्यांनी बनवलेल्या छोट्या लॅम्डा (फंक्शनांवर चालणाऱ्या) भाषेत. अक्षरांचा क्रमसुद्धा त्यांचा, ९४ चिन्हांचा, त्यामुळे साधा ‘नमस्कार’ही कचऱ्यासारखा दिसणार. तो उलगडायला शुक्रवारची संध्याकाळ गेली.

एका विभागात प्रोग्राम तयार मिळत, उत्तर फक्त सांगायचं. माझ्या इव्हॅल्युएटरवर पहिला चटकन झाला. नंतरचा लावला आणि वाट बघत बसले. वेग वाढवला. पुन्हा लावला. शनिवार गेला. मग कंटाळून तो प्रोग्राम छापून हातात घेतला आणि पेन्सिलीनं व्हेरिएबलना नावं देत वाचला. वाचता वाचता लक्षात आलं की हा तर शाळेतला रिकर्शनचा धडा, मुद्दाम सगळ्यांत महागड्या पद्धतीनं लिहिलेला. चालवायचा नव्हताच, समजून घ्यायचा होता. उत्तर दहा मिनिटांत निघालं. बाकीचेही मग असेच कागदावर घेतले, दोन सुटले.

मंगळवारी कामाला बसले तर लॅपटॉपचा पंखा नुसता किंचाळत होता. शनिवारचा तो प्रोग्राम अजून चालू होता.