मदत हवी आहे : आईला घेऊन आग्रा, गुडघ्यांचं काय करू?

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आईला आग्र्याला नेतोय. वय ७२, गुडघे दुखरे. शुक्रवारी ताज बंद असतो, म्हणून शनिवार-रविवार धरलेत.

ताज बघायचाच आहे, पण तिची खरी ओढ किल्ल्याची. १२ मे १६६६ ला महाराज औरंगजेबाच्या दरबारात ताठ मानेने उभे राहिले, ती जागा तिला डोळ्यांनी पाहायची आहे. रायगडावरची चिमूटभर माती तिने कुंकवाच्या डबीत भरून ठेवलीय, किल्ल्यासमोरच्या महाराजांच्या पुतळ्यापाशी वाहायला. त्यामुळे हे चुकवून चालणार नाही.

अमरसिंह दरवाजातून आत गेल्यावरचा दगडी चढ तिला झेपेल का? तिथे व्हीलचेअर मिळते की आपली न्यावी? दिवाण-ए-खासपर्यंत (बादशहाच्या खासगी दरबारापर्यंत) व्हीलचेअर पोचते का? ताजच्या चौथऱ्यावर तिला चढवू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा संध्याकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेतून निवांत दाखवावा. फत्तेपूर सिक्री मी सोडूनच दिलंय, बुलंद दरवाजाच्या पायऱ्या तिला जमणार नाहीत.

वयस्कर माणसांना घेऊन नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मराठी किंवा सोपं हिंदी बोलणारा, घाई न करणारा गाईड माहीत असेल तर तेही कळवा.