शब्बाथ, दया आणि नियमशास्त्र: आपापले अनुभव

प्रभूचा दिवस, म्हणजे रविवार, पाळताना नियम आणि दया यांचा पेच आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. तो प्रसंग येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. सुरुवात मी करते.

परिचारिका म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी सलग पाच रविवार माझी पाळी आली. प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) चुकल्याबद्दल मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी मला सर्वांदेखत जाब विचारला. त्या रात्री बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय वाचताना एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, तुम्ही आपला बैल ठाणावरून सोडून पाण्यावर नेता, मग १८ वर्षे आजाराने जखडलेल्या या अब्राहामाच्या कन्येला (यहुदी स्त्रीला) सोडवू नये काय, असे येशू सभास्थानाच्या अधिकाऱ्याला विचारतो. तो नियम मोडीत काढत नाही. त्यांच्याच नियमातली दया त्यांना दाखवून देतो. पुढच्या रविवारी मी कामावर गेले, ते मनात अपराधीपणा न ठेवता.

*

आमच्या वडिलांनी रविवारी कधी औत धरले नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात, शब्बाथाच्या आज्ञेत, बैल, गाढव, दास, दासी आणि परका यांनाही विसावा सांगितला आहे आणि कारण दिले आहे, ‘तूही मिसर देशात दास होतास’. हे कारण वडील आम्हाला वारंवार ऐकवीत. एका रविवारी उपासनेच्या वेळी आभाळ भरून आले. शेजाऱ्यांचा काढलेला कांदा रानात उघड्यावर होता आणि घरात ती बाई एकटी होती. वडील स्तोत्र चालू असतानाच उठले आणि आम्हा भावंडांना घेऊन कांदा झाकायला गेले. स्वतःच्या कांद्यासाठी ते उठले असते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. पण उठले नसते, असेच मला वाटते.

*

माझे बालपण अलिबागजवळ गेले. आमचे शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, होते. पूर्वी त्यांच्या समाजाचा तेलाचा व्यवसाय असे आणि शनिवारी घाणा बंद राही, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. प्रवचनांत परुशी (येशूच्या काळातला नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) नेहमी निर्दय रंगवलेले ऐकून मीही तसेच मानत होतो. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवावा, असे यहुदी धर्मशास्त्रच सांगते, हे मला शेजारच्या आजोबांनी समजावले. रविवारच्या शाळेत शिकवताना मी आता ही गोष्ट आवर्जून सांगतो, कारण येशूचा शब्बाथाबद्दलचा तो वाद घरातल्या माणसांशी, म्हणजे आपल्याच यहुदी लोकांशी, होता.

*

मी थोडक्यात लिहिते. आमच्याकडे रविवारी उपासनेनंतर पाहुणे जेवायला असत, त्यामुळे भांडी घासणाऱ्या मावशींना त्याच दिवशी जास्त काम पडे. शब्बाथाच्या आज्ञेतले ‘तुझी दासी’ हे शब्द माझ्या मुलीने मोठ्याने वाचले आणि मावशींना रविवारी सुट्टी का नाही, असे विचारले. तेव्हापासून रविवारी आम्ही शनिवारचा स्वयंपाक गरम करून खातो आणि भांडी आमची आम्ही घासतो.