मदत हवी आहे: टीबीचा जंतू आपल्याच पेशीत जिवंत कसा राहतो? अण्णांना समजावायचंय

नमस्कार, कोणाला नीट माहीत असेल तर प्लीज सांगा, जरा घाईचं आहे.

आमचे अण्णा, वय ६३, गावाकडे असतात, शेती करतात. फुफ्फुसाचा टीबी निघाला, औषधं चालू होऊन सव्वादोन महिने झाले. खोकला गेला, जेवण वाढलं, आणि परवा बेडक्याची तपासणी निगेटिव्ह आली. तेव्हापासून त्यांचं एकच चाललंय की जंतू संपले, रिपोर्टातच लिहिलंय, मग अजून चार महिने पोटात विष कशाला घालायचं. दोन दिवस गोळ्या घेतल्याच नाहीत हे आईने काल फोनवर हळूच सांगितलं, मला रात्रभर झोप नाही.

मी नेटवर वाचत बसले तर असं कळलं की टीबीचा जंतू मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशीच्या आत राहतो. पण मॅक्रोफेजचं तर कामच जंतू गिळून मारणं आहे ना, मग मारायला आलेल्या पेशीच्या पोटात तो राहतो कसा? आणि सहा महिन्यांचा ह्याच्याशी काही संबंध आहे का? अण्णांना "डॉक्टर म्हणतात म्हणून" एवढं सांगून भागत नाही, कारण पटलं पाहिजे, पटलं की मग ते स्वतःहून करतात.

सूक्ष्मदर्शी:
ताई, आधी गोळ्या आजपासून परत सुरू करायला लावा आणि दोन दिवस चुकले ते टीबीच्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगा, लपवू नका. आता तुमचा प्रश्न. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते म्हणून थोडं लांबेल.

मॅक्रोफेज जंतू गिळते तेव्हा तो एका पिशवीत बंद होतो, तिला फॅगोसोम म्हणतात. एरवी ही पिशवी हळूहळू आंबट होत जाते आणि शेवटी लायसोसोम नावाच्या दुसऱ्या पिशवीत मिसळते, तिथे ॲसिड आणि पचवणारी एन्झाइम असतात, जंतू संपला. टीबीचा जंतू हे मिसळणंच अडवतो. त्याच्या भिंतीतला एक साखर-चरबीचा रेणू आणि तो बाहेर सोडतो ती काही प्रथिनं, ही पेशीच्या आतले निरोप मध्येच तोडतात. मग पिशवीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ६.२ ते ६.४ च्या आसपास अडकून राहतो, लायसोसोममध्ये तो ४.५ ते ५ असतो. आर्मस्ट्राँग आणि हार्ट यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं होतं की जिवंत जंतू असलेल्या पिशव्या लायसोसोमशी मिसळतच नाहीत. त्यात अंगावर मायकोलिक ॲसिडचं मेणचट कवच, आणि खायला पेशीचीच चरबी, अगदी कोलेस्टेरॉलसुद्धा. (टायफॉइडच्या जंतूची तऱ्हा वेगळी, तो पिशवी आंबट होऊ देतो आणि तो आंबटपणाच त्याला इशारा असतो की आता पिशवी आपल्या सोयीची करून घ्यायची.)

शरीर काही हरून बसत नाही हं, टी-पेशींनी, म्हणजे बचावाच्याच दुसऱ्या पांढऱ्या पेशींनी, मॅक्रोफेजला जोर दिला की बऱ्याच जंतूंना आवर बसतो, म्हणून तर लागण झालेल्या १०० जणांतल्या ५ ते १० जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. पण दाबले गेलेले सगळे मरत नाहीत. ऑक्सिजन कमी पडला की जंतू साधारण ५० जीन्सचा एक गट चालू करतो आणि झोपल्यासारखा पडून राहतो. तसाही तो संथच, आतड्यातल्या ई. कोलाय जंतूचे २० मिनिटांत एकाचे दोन होतात, ह्याला १८ ते २४ तास लागतात. टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड नवीन भिंत बांधणाऱ्या जंतूला मारतं, जो बांधतच नाही त्याला काय करणार? म्हणून एकाच वेळी अनेक औषधं, म्हणून सहा महिने.

आणि निगेटिव्हचं असं की स्लाइडवर दिसायलाच एका मिलीलिटर बेडक्यात ५ ते १० हजार जंतू लागतात. परवाची तपासणी स्लाइडची असेल तर त्याहून कमी असले की रिपोर्ट निगेटिव्हच येतो.

बांधावरून:
ताई, अण्णा शेतकरी आहेत ना, मग त्यांना लव्हाळ्याचं सांगा. तणनाशक मारलं की वरचं पातं आठ दिवसांत वाळतं, रान साफ दिसतं, पण खाली गाठी झोपलेल्या असतात, त्यांना औषध लागतच नाही, ते हिरव्या वाढत्या पात्यातून आत जातं. पाऊस पडून वाफसा आला की परत तेवढाच लव्हाळा. माझ्या चुलत्यांनी टीबीच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात सोडल्या, वर्षाच्या आत परत निघाला आणि या वेळी रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषधच लागू पडेना, कितीतरी जास्त महिने औषध घ्यावं लागलं आणि खूप हाल झाले. हेही सांगा त्यांना.

धागा काढणारी:
तुम्हा दोघांचे खूप खूप आभार. सकाळी अण्णांना फोन केला, लव्हाळा म्हटल्यावर गप्प झाले, मग म्हणाले आपल्या खालच्या वावरात तेच झालंय. गोळ्या घेतल्या, आईने समोर बसून बघितलं. पण मग विष का म्हणत होते ते पण निघालं, लघवी लाल-केशरी होते, त्यांना वाटत होतं किडनीतून रक्त चाललंय, दोन महिने मनात धरून बसले होते, कोणालाच बोलले नाहीत. हे गोळ्यांमुळेच असतं का?

सूक्ष्मदर्शी:
हो, रिफाम्पिसिनचा रंग आहे तो, घाम आणि अश्रूसुद्धा केशरी होऊ शकतात, त्याने अपाय नाही. तरी एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे अण्णांचीही खात्री होईल. पण डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या, नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखेना झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पहिले दोन लिव्हरचे इशारे, बाकीचे एथॅम्बुटॉल या टीबीच्याच दुसऱ्या औषधाचे, आणि एथॅम्बुटॉल पुढच्या चार महिन्यांतही चालू असतं. आईंना हे फोनवर नीट सांगून ठेवा, अण्णा स्वतःहून बोलणार नाहीत असं दिसतंय.