फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहिणारा रक्तदाता आणि माझी मुलगी

अजनीची आई

गेल्या आठवड्यापासून नातेवाइकांच्या आणि वस्तीच्या गटांत एक मजकूर फिरतो आहे. रक्तपेढीवाले क्षुल्लक कारणांवरून दात्यांना परत पाठवतात, म्हणून बीपीची गोळी असो, थायरॉईड असो की जुना टीबी असो, फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ लिहावे, कारण रक्त शेवटी तपासूनच देतात, असा त्याचा आशय आहे. तो वाचून दोन दिवस मी गप्प राहिले. काल माझ्या सख्ख्या दिरानेच तो पुढे पाठवला, तेव्हा मात्र राहवले नाही.

माझी मुलगी एसएस आहे, म्हणजे तिला सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिला वरचेवर रक्त चढवावे लागते. पिशवीमागचा माणूस मला कधीच दिसत नाही; दिसते ती पिशवीवरची चिठ्ठी. त्या माणसाने फॉर्म भरताना खरे लिहिले असेल, एवढ्या भरवशावर मी रात्रभर तिच्या खाटेशेजारी बसलेली असते.

‘तपासूनच देतात’ म्हणणाऱ्यांनी काय तपासतात तेही पाहावे. सक्तीच्या तपासण्या पाच आहेत: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया. दात्याला फिट येते का, गेल्या महिन्यात त्याच्या गोळ्या बदलल्या का, त्याचा टीबी कधी बरा झाला, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. एचआयव्हीची लागण नुकतीच झाली असेल तर काही दिवस तीही तपासणीत सापडत नाही. २०२२ साली आपल्याच नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्तातून एचआयव्ही झाल्याची आणि त्यांतले एक मूल गेल्याची बातमी आली होती. ज्यांनी ती वाचली, त्यांनी हा मजकूर पुढे कसा पाठवला, हे मला अजूनही उमगत नाही.

मानेवाड्याचा दाता

ताई, तुमच्या मुलीबद्दल मनापासून वाईट वाटते. पण हा मजकूर लिहिणाऱ्याची चीड मला समजते, आणि ती का येते ते सांगितल्याशिवाय तुमचे म्हणणे मी मान्य करणार नाही.

एकोणिसाव्या वर्षी मला टीबी झाला होता. औषधांचा कोर्स मी पूर्ण केला, आणि त्याला आता चौदा वर्षे झाली. चार वर्षांपूर्वी थायरॉईड निघाला, तेव्हापासून रोज सकाळी अनशापोटी एक गोळी घेतो. त्याआधी मी नऊ वेळा रक्त दिले आहे. त्यानंतर तीन शिबिरांत गेलो आणि तिन्ही ठिकाणी वेगळे उत्तर मिळाले. एका ठिकाणी सांगितले की टीबी झालेल्याचे रक्त जन्मात चालत नाही. दुसऱ्या ठिकाणी काहीही न विचारता रक्त घेतले. तिसऱ्या ठिकाणी टीबीला हरकत नव्हती, पण थायरॉईडची गोळी चालू असल्यामुळे मी कायमचा बाद आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले.

त्यांतल्या दुसऱ्या शिबिरात मी खुर्चीवर टेकण्याआधीच एका कार्यकर्त्याने माझ्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’च्या खुणा करून ठेवल्या होत्या, मी फक्त सही करायची होती. तो मजकूर आता आला, शिबिरांत हे कितीतरी आधीपासून चालू आहे. तेव्हा खोटे लिहायला दात्याला कोण शिकवते, हेही विचारा.

सक्करदऱ्याचा तंत्रज्ञ

मी सतरा वर्षे रक्तपेढीत काम करतो. दादांनी सांगितलेला खुणांचा प्रकार होतो, हे मी नाकारणार नाही. वाढदिवसाच्या शिबिरात पिशव्यांचा आकडा फलकावर लिहायचा असतो आणि त्याच्या घाईत प्रश्नावली ही अडचण वाटू लागते.

नियमांचे म्हणाल तर आमच्याकडे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. टीबी बरा झाल्याची खात्री झाल्यापासून दोन वर्षे थांबायचे; त्यानंतर तो अडथळा राहत नाही. म्हणजे पहिल्या शिबिरातले उत्तर चूक होते. बीपीची गोळी चालू असली तरी वरचा आकडा १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० च्या आत असेल, गेल्या चार आठवड्यांत औषध किंवा मात्रा बदललेली नसेल आणि हृदय, किडनी वा डोळ्यांवर परिणाम झालेला नसेल, तर दाता चालतो. साखरेच्या गोळ्यांनाही चार आठवड्यांची तीच अट आहे, इन्सुलिन मात्र कायमचे बाद. डेंग्यू पूर्ण बरा झाल्यावर सहा महिने, टायफॉईडनंतर एक वर्ष आणि फिटचा आजार असेल तर कधीच नाही. फिटचा नियम तर आधी दात्याच्याच जिवासाठी आहे, कारण सुई टोचलेली असताना त्याला झटका आला तर काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

थायरॉईडबाबत मला प्रामाणिकपणे सांगावे लागेल की लिखाणातच घोळ आहे. त्याच नोंदीत एकीकडे म्हटले आहे की हार्मोनची पातळी योग्य असेल तर साधा थायरॉईड, अगदी स्वयंप्रतिकारातून आलेला हायपोही (हार्मोन कमी पडणे), स्वीकारावा; आणि त्याखालच्या कायम नकाराच्या यादीत हायपर (हार्मोन जास्त होणे) आणि हायपो हे शब्दही आहेत. जो डॉक्टर वरची ओळ वाचतो तो घेतो, जो खालची वाचतो तो परत पाठवतो. दादांना मिळालेल्या वेगवेगळ्या उत्तरांमागे द्वेष नव्हता, एवढेच मी म्हणेन.

मानेवाड्याचा दाता

द्वेष नव्हता हे कळून माझे काय भले झाले? चार माणसांत तुम्ही एखाद्याला ‘कायमचे बाद’ म्हणता, तेव्हा ती ओळ नेमकी कोणती होती हे त्याला सांगायला दोन मिनिटे लागतात.

इंदोऱ्याचा एएस

ताईंनी एसएसचा विषय काढला म्हणून लिहितो आहे, नाहीतर या विषयावर मी बोलायचे सोडून दिले होते.

मी एएस आहे, म्हणजे सिकलचा नुसता वाहक. मला कोणताही आजार नाही. मी सोमवारी क्वार्टर या वस्तीपासून दीक्षाभूमीपर्यंत सायकलने जातो-येतो आणि माझे हिमोग्लोबिन १४ च्या खाली कधी गेले नाही. दर १४ एप्रिलला रक्त द्यायचे हा आमच्या घरचा नेम होता. वडिलांनी तो पाळला आणि मीही आठ वर्षे पाळला. नवव्या वर्षी फॉर्मवर मी खरे लिहिले, कारण त्याच वर्षी लग्नाआधी सिकलची तपासणी करून घेतली होती. टेबलावरच्या मुलीने मागे वळून मोठ्याने सांगितले, “सर, हा सिकलवाला आहे, काय करू?” रांगेत माझे शेजारी होते, माझ्या होणाऱ्या बायकोचा भाऊ होता. त्या सरांनी मला परत पाठवले.

तंत्रज्ञ भाऊ, तुमच्या त्याच तत्त्वांत हिमोग्लोबिनचा दोष असून रक्तपेशी फुटण्याचा इतिहास असलेल्याला बाद केले आहे. माझ्या पेशी कधी फुटल्या? मला कोणत्या ओळीने परत पाठवले?

अजनीची आई

भाऊ, तुमचा अपमान झाला तो चुकीचाच होता. पण आई म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका: माझ्या मुलीला एएसचे रक्त नको आहे. तिच्या अंगातले सिकलचे प्रमाण खाली यावे म्हणून तर रक्त चढवायचे; त्यात पुन्हा सिकलचा वाटा असलेले रक्त घालून काय साधणार? तुम्हाला परत पाठवले नसते तर ती पिशवी कोणाच्या मुलाला लागली असती, याचाही विचार करा.

इंदोऱ्याचा एएस

राग कसा मानू नको? आठ वर्षे माझे रक्त चालले, ते कोणाला तरी लागलेच असेल. वाहक म्हटले की लग्नाची बोलणी थांबतात, नोकरीच्या तपासणीत डॉक्टर दोनदा बघतो, आणि आता ज्या आईने आमचे दुःख सगळ्यांत जवळून पाहिले आहे, तीच म्हणते की तुमचे रक्त नको. ताई, तुमच्या मुलीचे आईवडील कोण आहेत? दोघेही एएसच ना? तुम्ही स्वतः कधी रक्त दिले नाही का?

अजनीची आई

माझ्या घरात शिरण्याची गरज नव्हती.

दिले आहे. लग्नाच्या आधी दोनदा, कॉलेजात असताना, तेव्हा मला स्वतःचा पॅटर्न, म्हणजे मी एएस आहे की नाही, ठाऊक नव्हता. तो मुलीच्या निदानाच्या दिवशी कळला.

धरमपेठची वाचक

बायकांचा विषय निघाला आहे तर माझाही अनुभव नोंदवून घ्या. मी सहा वेळा शिबिरात गेले आणि पाच वेळा परत आले, कारण हिमोग्लोबिन १२.५ लागते आणि माझे बारापर्यंतच जाते. हिमोग्लोबिन तपासायच्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात माझ्या रक्ताचा थेंब बुडायच्या ऐवजी तरंगत राहतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. पाळीच्या दिवसांत नको, अंगावर पाजत असताना नको, दोन दानांमध्ये पुरुषाला ९० दिवस आणि मला १२० दिवस. हे सगळे आमच्या काळजीपोटी असेल तर पाच वेळांतल्या एका वेळी तरी कोणी लोहाच्या गोळ्या लिहून द्यायला हव्या होत्या.

सक्करदऱ्याचा तंत्रज्ञ

धरमपेठच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. परत पाठवलेल्या दात्याला कारण समजावून सांगणे आणि गरज असेल तर उपचाराकडे पाठवणे हे आमचे कामच आहे. त्या तत्त्वांच्या नावातच दाता निवडीबरोबर संदर्भसेवा आहे. हे होत नाही.

आता एएसबद्दल, कारण दोघेही अर्धे-अर्धे बरोबर आहात. विदर्भात सिकल असल्याचे १९५८ मध्येच नोंदले गेले, म्हणजे आपल्यासाठी हा काही नवा पाहुणा नाही. वाहकाचे रक्त अपघातातल्या माणसाला किंवा बाळंतिणीला देता येते, त्यात धोका धरत नाहीत. एसएसच्या रुग्णाला आणि नवजात बाळाला मात्र ते देऊ नये. शिवाय पांढऱ्या पेशी गाळायच्या जाळीत एएसचे रक्त पुष्कळदा अडकते आणि पिशवी वाया जाते, म्हणून काही पेढ्या नकोच म्हणतात. पण इंदोऱ्याच्या भावांना सरसकट बाद करणारी ओळ तत्त्वांत नाही. ताईंनी सांगितलेल्या पाच तपासण्यांत सिकलही नाही. एएसची पिशवी कोणती हे आम्हाला बहुतेक वेळा दात्याच्या तोंडूनच कळते.

इंदोऱ्याचा एएस

हेच मी केव्हापासून सांगतो आहे. माझ्या तोंडूनच कळणार आणि तोंड उघडले की रांगेसमोर ‘सिकलवाला’ म्हणणार. माझा धाकटा भाऊही एएस आहे. माझे काय झाले ते त्याने पाहिले. तो आजही दर १४ एप्रिलला रक्त देतो आणि त्या रकान्यात ‘नाही’ लिहितो. ताई, त्याची पिशवी तुमच्या वॉर्डात येऊ शकते, आणि त्याला तुम्ही एकट्यालाच दोष देणार असाल तर माझा विरोध कायम आहे.

अजनीची आई

तुमच्या भावाने लिहिलेले मी बरोबर म्हणणार नाही, कधीच नाही. त्याला ठाऊक असून त्याने ‘नाही’ लिहिले, हे वाचून माझे हात थरथरले.

पण काल रात्री मला माझ्या त्या कॉलेजातल्या दोन पिशव्या आठवत राहिल्या, आणि हेही मनात आले की मला माझा पॅटर्न ठाऊक असता आणि माझ्यासमोर तशीच रांग असती, तर विसाव्या वर्षी मी ‘हो’ लिहिले असते की नाही, याची खात्री मला देता येत नाही. तुमचे रक्त नको, असे मी लिहायला नको होते. माझ्या मुलीला सिकल नसलेली पिशवी हवी, एवढेच मला म्हणायचे होते आणि ते मी अजूनही म्हणते.

तंत्रज्ञ भाऊ, ती पिशवी मागायची कशी? मला आजवर फक्त ‘बदली दाता आणा’ एवढेच ऐकवले गेले आहे, तेही एसएसच्या रुग्णाला रक्त मोफत असताना.

सक्करदऱ्याचा तंत्रज्ञ

डॉक्टरांकडून मागणीच्या फॉर्मवर ‘एसएस रुग्ण, सिकल निगेटिव्ह रक्त हवे’ असे स्पष्ट लिहून घ्या. द्रावणाची साधी सिकल चाचणी पिशवीच्या नळीतल्या नमुन्यावर थोड्या वेळात होते. त्यासाठी आदल्या दिवशी मागणी पाठवलीत तर शोधायला वेळ मिळतो. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, शिबिरे नसतात आणि फ्रिज अर्धा रिकामा असतो, तेव्हा दोन दिवस आधी पाठवा.

इंदोऱ्याच्या भावांनी फॉर्मवर एएस लिहावे आणि डॉक्टरांशी पडद्याआड बोलायचे आहे असे म्हणावे. तो दात्याचा हक्क आहे. रक्त दिल्यावर मन बदलले तरी ती पिशवी वापरू नका असे फोन करून गुप्तपणे कळवता येते. धाकट्या भावाला हे सांगा.

इंदोऱ्याचा एएस

सांगतो. तो ऐकेल असे म्हणत नाही. पिशवीवर एएसची नोंद होत असेल तर मी स्वतः येतो, मात्र नाव पुकारताना आजाराचे नाव घेतले तर त्या क्षणी उठेन.

मानेवाड्याचा दाता

शनिवारी आमच्या भागात शिबिर आहे. टीबीच्या उपचारांचे जुने कार्ड आणि गेल्या महिन्याचा थायरॉईडचा (टीएसएच) रिपोर्ट घेऊन जाणार आहे आणि फॉर्म माझ्या हाताने भरणार आहे. एवढे करूनही डॉक्टरांनी खालचीच ओळ दाखवली तर काय करायचे?

सक्करदऱ्याचा तंत्रज्ञ

तर त्या दिवशी रक्त देऊ नका. ती ओळ कागदावर लिहून मागा आणि कागद माझ्याकडे पाठवा. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर मी तो ठेवतो.

मानेवाड्याचा दाता

पाठवतो. लिहून दिले तर.