अंदमानला पक्षी बघायला जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी गुहागरचा. आमच्या परसातल्या काजऱ्याच्या झाडावर धनेश पक्षी येतात, खाली बियांचा सडा पडतो आणि आई झाडू घेऊन वैतागते. आता जानेवारीत पाच दिवस अंदमानला निघालोय, आईसकट. फक्त नारकोंडम बेटावर असणारा धनेश बघायची फार हौस होती, पण तिथे पर्यटकांना जाऊ देत नाहीत. तो नाद सोडला. अंदमानी काळा सुतारपक्षी आणि तिथली घुबडं तरी दिसावीत! चिडिया टापूजवळ राहायची सोय आहे का, की पोर्ट ब्लेअरहूनच पहाटे गाडी करावी? तिकडे सहाच्या आत काळोख पडतो म्हणे. मग घुबडांसाठी संध्याकाळी नेणारा भरवशाचा गाईड कुणाला माहितीये का? आईचे गुडघे दुखतात, वाटेत चढ किती आहे?