अनुभव धागा: दवाखान्याच्या दारात उभे असलेले फलक

बेळगावी_डब्लिनकर

भारतातून नुकतीच आलेली एक मैत्रीण प्रसूती रुग्णालयात पहिल्या तपासणीला निघाली होती. इथे आयर्लंडमध्ये रुग्णालयाभोवती शंभर मीटरच्या आत गर्भपाताविरुद्ध निदर्शने करू नयेत असा कायदा मुळात का करावा लागला, असे तिने सहज विचारले. तिला सांगता सांगता २०१८चा वसंत जसाच्या तसा आठवला, म्हणून हा धागा काढते आहे. आपापल्या गावातले अनुभव लिहावेत.

त्या वर्षी २५ मे रोजी इथे सार्वमत होते. १९८३ साली राज्यघटनेत घातलेल्या आठव्या दुरुस्तीने आई आणि गर्भ यांच्या जगण्याचा हक्क समान मानला होता आणि त्यामुळे गर्भपात जवळजवळ संपूर्णपणे बंद होता. ती दुरुस्ती काढावी की ठेवावी, यासाठी डब्लिनच्या खांबाखांबांवर दोन्ही बाजूंची पोस्टर्स लागली होती. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु मी जिथे तपासणीला जात होते त्या रुग्णालयाच्या दारासमोर काही लोक छिन्नविच्छिन्न गर्भाची छायाचित्रे असलेले भले मोठे फलक घेऊन उभे राहत. आदल्या वर्षी माझे पहिले बाळ चौदाव्या आठवड्यात गेले होते आणि या खेपेस ठोके ऐकू येतात की नाही, एवढाच विचार डोक्यात घेऊन मी आत निघाले होते. माझ्या नवऱ्याने तिथे उभ्या असलेल्या गार्डाला, म्हणजे इथल्या पोलिसाला, हे सांगितले. त्यांनी अतिशय सौजन्याने उत्तर दिले की कोणी तुमची वाट अडवली किंवा अंगावर आले तर मी तात्काळ मध्ये पडेन, पण सार्वजनिक पदपथावर उभे राहून चित्र दाखवू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही. शेवटी काही तरुण मुलामुलींनी मोठी कापडे धरून ते फलक झाकले आणि त्यांच्या आडोशाने आम्ही आत गेलो.

मी बेळगावची आहे. सविता हलप्पनवार बेळगावात वाढल्या होत्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही त्याचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांना गर्भपात नाकारला गेला आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी, वयाच्या ३१व्या वर्षी, इथल्या गॉलवे शहरात जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. सार्वमताच्या वेळी त्यांच्या आईवडिलांनी बेळगावहून आयरिश मतदारांना आवाहन केले होते. मी नागरिक नसल्यामुळे मला मत देता आले नाही. ६६.४ टक्के लोकांनी दुरुस्ती काढण्याच्या बाजूने मत दिल्याचे कळले, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

चार्ल्सकाठची

ताई, तुमचे वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले. बॉस्टनमध्ये मी काही वर्षे एका क्लिनिकबाहेर स्वयंसेविका होते. आमचे काम एवढेच, की येणाऱ्या बाईच्या शेजारून दारापर्यंत चालायचे आणि निदर्शकांना उलट उत्तर द्यायचे नाही. त्या आरडाओरड्यात तिला दुसरा आवाज ऐकू यावा म्हणून आम्ही हवेविषयी, बसविषयी, काहीही बोलत राहायचो.

तिथे पदपथावर पिवळी रेषा रंगवलेली होती. दारापासून ३५ फुटांच्या आत निदर्शकांनी यायचे नाही, असा मॅसॅच्युसेट्सचा कायदा होता. ही रेषा कोणाच्या लहरीने आलेली नव्हती. ३० डिसेंबर १९९४ रोजी शेजारच्या ब्रुकलाइनमध्ये एका माणसाने दोन क्लिनिकमध्ये शिरून गोळ्या झाडल्या होत्या आणि स्वागतकक्षात बसणाऱ्या दोन स्त्रिया त्यात मारल्या गेल्या होत्या. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. अर्ज करणाऱ्यांमध्ये पुढे होत्या त्या एक वयस्क आजी, ज्या हळू आवाजात बोलून बायकांना परावृत्त करू पाहत. निकालानंतर लोक थेट दारापर्यंत येऊ लागले. हळू बोलणारे होते तसे मोबाइलवर चित्रण करणारेही होते, आणि पोलिसांना मात्र प्रत्येक वेळी कोणी प्रत्यक्ष वाट अडवली का, हेच तपासावे लागे.

शहापूरची_सून

बेळगावी, तुम्ही बेळगावात कुठल्या? माझे सासर शहापूरला आहे. सविता गेल्या तेव्हा त्याशिवाय दुसरा विषयच आमच्या घरात नव्हता. सासूबाई एकच प्रश्न विचारत राहिल्या, की स्वतः दंतवैद्य असलेल्या मुलीचे म्हणणेही डॉक्टरांनी का ऐकले नाही.

बेळगावी_डब्लिनकर

टिळकवाडी. व्यक्तिगत निरोप पाठवते.

वसईची_लेक

मी या फलकांच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे, त्यामुळे लिहावे की नाही असा विचार बराच वेळ केला. मी वसईची कॅथलिक आहे आणि पश्चिम लंडनमध्ये राहते. ईलिंगमधल्या क्लिनिकसमोर आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे एकाच चर्चच्या, काही बायकांबरोबर मी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला जात असे. आमच्या हातात जपमाळ आणि मदतीचा पत्ता छापलेली पत्रके असत. गर्भाची चित्रे आम्ही कधीही धरली नाहीत, आणि ती धरणे मला आजही क्रूर वाटते. पैशांच्या किंवा घरच्या दबावामुळे आलेल्या बाईला दुसरा मार्ग आहे एवढे कळावे, असा आमचा हेतू होता. समोर गुलाबी जाकिटे घातलेल्या स्थानिक बायका आमच्या विरोधात उभ्या असत. एकदा एका गृहस्थाने गाडी थांबवून मला माझ्या देशात परत जाण्यास सांगितले. तेव्हा त्यांच्यातलीच एक बाई माझ्या बाजूने त्याच्याशी भांडली.

एप्रिल २०१८ मध्ये कौन्सिलने त्या भागात बंदी आणली. ब्रिटनमधली ती पहिली. पोलीस अधिकारी आले, त्यांनी हद्द कुठे संपते ते नीट समजावले आणि आम्ही निघालो. आता मी चर्चमध्येच प्रार्थना करते. माझी श्रद्धा बदललेली नाही. परंतु बर्मिंगहॅममध्ये मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या स्त्रीला डिसेंबर २०२२ मध्ये अटक झाली, त्याचे मला अजूनही वाईट वाटते. ती पुढे निर्दोष सुटली आणि पोलिसांनी तिला १३,००० पौंडांची भरपाई दिली.

बेळगावी_डब्लिनकर

तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तुमचा हेतू मला खरा वाटतो. तरीही आत जाणाऱ्या बाईला जपमाळेमागचा हेतू दिसत नाही. आपण इथे कशासाठी आलो आहोत हे अनोळखी माणसांना ठाऊक आहे, एवढेच तिला दिसते. मी तर बाळ हवे म्हणून आत चालले होते, तरी मला तसेच वाटले.

क्लाइडकाठी

स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०२४पासून हे अंतर दोनशे मीटर आहे. इथे ग्लासगोत फेब्रुवारी २०२५ मध्ये एका मोठ्या रुग्णालयाजवळ ७४ वर्षांच्या एका बाईंना अटक झाली. हातातल्या फलकावर, कोणाला बोलायचे असेल तर मी इथे आहे, अशा आशयाचा मजकूर होता. मी स्वतः परिचारिका आहे. रुग्णालयाच्या खिडकीतून जमाव पाहून घाबरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हा कायदा मला हवा होता, आणि तरीही आजीच्या वयाच्या बाईला पोलिसांच्या गाडीत बसवलेले पाहून मला बरे वाटले नाही.

पंचगंगा

आपल्याकडे दवाखान्याच्या दारात कोणी उभे राहत नाही, म्हणून वेगळा अनुभव लिहिते. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही एसटी स्टँडवर गर्भलिंगनिदानाविरुद्ध पथनाट्य करायचो. पोटातल्या मुलीने आईला ‘मला मारू नकोस’ म्हणायचे, असा प्रवेश त्या काळी सगळेच करत. आमच्या सरांनी मात्र तो काढून टाकला आणि सोनोग्राफीवाला डॉक्टर, सासरा, हुंडा यांच्यावर नाटक उभे केले. नाटक संपल्यावर बंदोबस्ताच्या हवालदारांनी सरांना विचारले, की साहेब, गर्भ पाडणे म्हणजे गुन्हाच ना? सरांनी त्यांना चहा पाजून सांगितले की १९७१च्या कायद्याने गर्भपाताला अटींसह परवानगी आहे, आणि बंदी आहे ती लिंग तपासण्यावर. महाराष्ट्राने तर ती देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये आणली. हवालदारांच्या मागे एक बाई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या आणि हे खरे आहे का, असे त्यांनी सरांना पुन्हा विचारले. मग आमच्यातल्या दोघी त्यांना घेऊन सरकारी रुग्णालयात गेल्या.

नवी_आई

बेळगावी, मलाही पुढच्या महिन्यात डब्लिनला यायचे आहे आणि सहावा महिना चालू आहे. आता रुग्णालयासमोर असे काही दिसले तर नेमके काय करायचे?

बेळगावी_डब्लिनकर

काळजी करू नकोस. हद्दीच्या आत कोणी तसे करताना दिसले तर रुग्णालयाच्या स्वागतकक्षात सांग, ते गार्डांना बोलावतात. गार्डा आधी समज देतात आणि त्यानंतरही त्या व्यक्तीने थांबवले नाही तर पुढची कारवाई होते. संसदेसमोर निदर्शने करायला मात्र पूर्वीसारखीच मोकळीक आहे, त्यामुळे गावात फलक दिसले तर दचकू नकोस. कुठल्या रुग्णालयात नाव नोंदवले आहेस ते कळव. जवळ असेल तर पहिल्या तपासणीला मी तुझ्याबरोबर येईन.