मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडी आहे, चार्जिंग फुकट आहे, जोडधंदा कोणता जमेल?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे. बॅटरी ४० युनिटची, आणि शहरात एका युनिटला साधारण साडेसहा किलोमीटर मिळतात. ऑफिसात कर्मचाऱ्यांसाठी ७ किलोवॉटचे चार्जर बसवलेत, त्याचे पैसे घेत नाहीत. शिवाय गाडी घेताना जलद चार्जिंगची काही युनिटं मोफत मिळाली होती, मुदतीत वापरली नाहीत तर ती बाद होणार. माझं रोजचं जाणं-येणं एवढं कमी आहे की बॅटरीचा पाव भागही रिकामा होत नाही. संध्याकाळी घरी येतो तेव्हा दोनशे किलोमीटरची वीज गाडीत असते आणि गाडी रात्रभर उभी.

तर प्रश्न असा, की यातून महिन्याला चार पैसे सुटतील असं काही करता येईल का? संध्याकाळी दोन-तीन तास ॲपवर टॅक्सी चालवणं, पार्सलं पोचवणं, शनिवार-रविवार गाडी भाड्याने देणं, ऑफिसच्या रस्त्यावरचे सहप्रवासी घेणं, एवढे पर्याय डोक्यात आहेत. गाडीत व्हीटूएल आहे, म्हणजे बाहेरची उपकरणं बॅटरीवर चालवता येतात. त्याचाही काही उपयोग होईल का ते माहीत नाही.

इंधनाचा खर्च शून्य असल्यामुळे मिळेल तो नफाच, असं मला वाटतंय. बायकोला तसं वाटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

— निवांत_चालक

हिशेबी

वहिनींचं बरोबर आहे.

फुकट वीज क्षणभर बाजूला ठेवा. १०० किलोमीटरला तुमच्या गाडीला साडेपंधरा युनिटं लागतात. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून भिंतीतून १७ धरा. आता घरच्या बिलात १७ युनिटांना किती पडतात ते बघा. १०० किलोमीटरमागे तुमची बचत तेवढीच, एक पैसा जास्त नाही. आणि त्याच १०० किलोमीटरमध्ये टायर झिजले, गाडीची विकायची किंमत उतरली, सर्व्हिसिंग जवळ आलं. नव्या गाडीत घसारा हा विजेपेक्षा मोठा खर्च असतो. तो रोज खिशातून जात नाही, गाडी विकताना एकदम समोर येतो, म्हणून कोणी मोजत नाही.

टायरचं वेगळं सांगतो. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून चाकावर येतो, त्यामुळे टायर लवकर जातात. ब्रेक पॅड मात्र खूप टिकतात, कारण बहुतेक वेळा गाडी रिजनरेशननेच मंदावते, म्हणजे मोटरच वीज परत बॅटरीत भरत वेग कमी करते. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

आता वॉरंटी. बॅटरीवर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, जे आधी संपेल ते. भागाकार करून बघा, दिवसाला साधारण ५५ किलोमीटर येतात. तेवढं चालवलंत तर वर्षं आणि किलोमीटर दोन्ही एकदमच संपतात. तुम्ही आज बरेच खाली आहात, म्हणजे हाताशी किलोमीटर शिल्लक आहेत, आणि विकण्यासारखं तुमच्याकडे खरं तेच आहे. पण समजा वर्षातले अडीचशे दिवस ८० किलोमीटर जास्त चालवलंत, तर एकट्या जोडधंद्याचे वर्षाला २०,००० होतात. घरचा वापर धरून वॉरंटी सहा-सात वर्षांतच आटोपेल. त्यात व्यावसायिक वापरासाठी वॉरंटीच्या अटी वेगळ्या असतात. पुस्तिकेत 'भाड्याने' किंवा 'व्यावसायिक' शब्द कुठे येतो ते आधी शोधा.

तीनफेजी

हिशेबींना +१. एक तांत्रिक खुसपट. चार्जर ७ किलोवॉटचा असला तरी गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती घेतो ते पाहिलंत का? तो ३.३ चा असेल तर भिंतीवरचा डबा कितीही मोठा असो, गाडी ३.३ नेच भरणार. आठ तासांत २६ युनिटं, त्यातही थोडी गळती. ७.२ चा असेल तर दुपारच्या जेवणानंतर थोड्याच वेळात बॅटरी भरलेली असेल, मग गाडी तिथून हलवा. भरलेली गाडी चार्जरला लावून ठेवणारे सहकारी हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

निवांत_चालक

तीनफेजी, ७.२ चा आहे.

हिशेबी, घसाऱ्याचा मुद्दा पटला. पण मोफत जलद चार्जिंगचं काय? ते ऑफिसवर अवलंबून नाही. संध्याकाळी कामाच्या मधे तिथे चार्ज केलं तर?

हिशेबी

जलद चार्जर ५० किलोवॉटचा असेल तर अर्ध्या तासात २० च्या आसपास युनिटं पडतील, तीही ८० टक्क्यांच्या खाली. त्यापुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, शेवटचे वीस टक्के भरायला रांगेतल्या सगळ्यांचा अंत पाहते. त्यात जायचं-यायचं अंतर, रांग आणि कनेक्टर चालू असण्याची प्रार्थना मिळवा.

एरवी फुकट चार्जर म्हणजे हळू चार्जर. तिथे तासभर थांबलात तर सात युनिटं मिळाली, म्हणजे चाळीस किलोमीटर. त्या तासाची तुमची मजुरी सात युनिटांच्या बिलाएवढी. आवडत असेल तर जरूर थांबा. गाडी जिथे एरवीही उभी राहणार असते तिथेच फुकट चार्जिंग खरं फुकट. तुमचं ऑफिस त्यात बसतं. मुद्दाम वाकडी वाट करून गाठलेला चार्जर बसत नाही.

सरळमार्गी

कोणीच बोलत नाही म्हणून मी वाईटपणा घेतो. ऑफिसने चार्जर कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी दिलाय. त्या विजेवर टॅक्सी चालवून पैसे कमावणं योग्य आहे का? उद्या आणखी चौघांनी हेच केलं तर सोय बंद होईल, आणि ज्यांना खरंच घरी चार्जिंग नाही ते अडकतील.

आणि हा फक्त नीतीचा प्रश्न नाही, अटींचाही आहे. टेस्लाचं उदाहरण घ्या. १५ डिसेंबर २०१७ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी त्यांनी सुपरचार्जरच्या, म्हणजे त्यांच्या जलद चार्जरच्या, वापराचे नियम काढले आणि टॅक्सी, ॲपवरची भाडी, मालाची ने-आण यांसाठी सुपरचार्जर वापरू नका असं स्पष्ट लिहिलं. कारण उघड आहे, दिवसभर धावणाऱ्या गाड्यांनी चार्जर अडवले तर प्रवासाला निघालेल्याने काय करायचं? तुमच्या मोफत युनिटांच्या अटींतही असं काही आहे का ते वाचा. बारीक अक्षरातलं.

रातराणी_८

सरळमार्गी, मुद्दा मान्य, पण वाईटपणा कशाला, ऑफिसला विचारून टाकू दे की त्यांना.

मी इलेक्ट्रिक गाडीवर ॲपची भाडी केली आहेत, पूर्णवेळ नाही, तुमच्यासारखीच संध्याकाळची. माझं मत: पैसे विजेवर ठरत नाहीत, रिकाम्या किलोमीटरवर ठरतात. गिऱ्हाईक घ्यायला जाताना आणि सोडून परत येताना गाडी मोकळी पळते. ॲप दाखवतं ते भाडं, मीटर धावतो तो सगळा. महिन्याचे एकूण किलोमीटर आणि भाड्याचे किलोमीटर वहीत शेजारी-शेजारी लिहा, मग कळेल.

इलेक्ट्रिक गाडीला एक फायदा नक्की आहे, तो म्हणजे थांबणं. भाड्याची वाट बघताना एसी चालू ठेवला तर तासाला साधारण एखादं युनिट जातं, इंजिन चालू ठेवून धूर सोडायला नको. ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी तेच. हायवेवर उलट: वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो आणि साडेसहाचे पाच कधी होतात कळत नाही. म्हणून लांबची भाडी दिसायला मोठी असली तरी मी घेत नव्हते.

पार्सलांचं बोलायचं तर छोट्या वस्तूंसाठी चारचाकी काढणं म्हणजे मुंगीला मारायला तोफ. दुचाकीवाला तुमच्या आधी पोचतो आणि पार्किंगही शोधत बसत नाही. चारचाकीला पार्सलं तेव्हाच परवडतात जेव्हा ती अवजड असतात आणि एकाच भागात बरीच असतात. केक, फुलांच्या सजावटी, फ्रेम केलेली चित्रं अशा दुचाकीवर न जाणाऱ्या गोष्टींना गिऱ्हाईक असतं. रोज नाही, पण दर बरा मिळतो.

निवांत_चालक

रातराणीताई, हे फार कामाचं आहे. केक आणि सजावटीचं डोक्यातच आलं नव्हतं. विम्याचं काय केलं होतंत?

रातराणी_८

वेगळी पॉलिसी घेतली होती. खासगी पॉलिसीत मोबदला घेऊन माणसं किंवा माल नेणं सहसा बसत नाही. काही झालं तर क्लेम नाकारायला तेवढं पुरतं. परवान्याचे आणि नोंदणीचे नियम जिथले तिथे वेगळे असतात, पण विमा कंपनीला लेखी विचारल्याशिवाय पहिलं भाडंही घेऊ नका. फोनवरचं 'हो चालेल' उपयोगाचं नाही.

सहप्रवाशांचा पर्याय त्यातल्या त्यात सोपा. खर्च वाटून घेणं आणि नफा कमावणं यात बऱ्याच ठिकाणी कायदा फरक करतो. गंमत अशी, की तुमचा विजेचा खर्च शून्य, मग वाटून घेणार काय? टायर आणि घसारा! हिशेबींना विचारा आकडा.

मंडपवाला

व्हीटूएलबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझा ध्वनी आणि प्रकाशाचा व्यवसाय आहे.

तुमच्याकडे चाकं लावलेला, आवाज न करणारा जनरेटर आहे. बहुतेक गाड्यांत व्हीटूएल ३ ते साडेतीन किलोवॉटच्या आसपास देतं. छोट्या कार्यक्रमाला, बाहेरच्या शूटिंगला, प्रदर्शनातल्या स्टॉलला यापेक्षा कमीच लागतं. समजा एलईडी दिवे, छोटी साउंड सिस्टिम, लॅपटॉप मिळून ५०० वॉट. दहा तास चालवलंत तरी पाच युनिटं. तुमच्या बॅटरीचा आठवा हिस्सा, आणि किलोमीटर एकही वाढला नाही. हिशेबींनी वर मांडलेला घसाऱ्याचा हिशेब इथे जवळजवळ लागू होत नाही. डिझेल जनरेटर म्हटलं की घरघर, धूर, तेल सांडणं, आणि रेकॉर्डिंग असेल तर तो लांब ठेवून केबल ओढत बसा. ध्वनिमुद्रणवाले शांत विजेला आनंदाने पैसे देतात, कारण त्यांना रिटेक परवडत नाही.

पण धोके नीट समजून घ्या.

मोटर असलेली उपकरणं, म्हणजे फ्रीज, पंप, कंप्रेसर, सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. पाटीवर १ किलोवॉट लिहिलंय म्हणून चालेल असं नाही, गाडी ट्रिप होऊ शकते. मला विचाराल तर मोटरवाली कामं घेऊच नका. पावसात उघड्यावर जोडणी नको, आणि केबल जाडीची हवी, गुंडाळलेल्या रिळावरून पूर्ण लोड घेतला तर रीळ तापतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: व्हीटूएलची वायर कोणाच्याही घराच्या किंवा हॉलच्या सॉकेटात उलटी खुपसायची नाही. बाहेरची लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर वीज बाहेरच्या लाइनमध्ये जाते, आणि लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. गिऱ्हाईक आग्रह करेल, 'पाच मिनिटांचं काम आहे' म्हणेल. सामान आवरून निघून या.

तीनफेजी

मंडपवाले, उत्तम माहिती. पुरवणी म्हणून: व्हीटूएल वेगळं आणि व्हीटूजी, म्हणजे ग्रिडला वीज परत विकणं, वेगळं. ती कल्पना १९९७ सालापासून, केम्प्टन आणि लेटेंड्रे यांच्या निबंधापासून, चर्चेत आहे. त्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर, गाडीची परवानगी आणि वीज कंपनीचा करार लागतो. धागाकर्त्यांच्या डोक्यात 'ऑफिसात फुकट भरा, घरी विका' असं काही असेल तर ते लगेच काढून टाका. सरळमार्गी धावत येतील आणि या वेळी मी त्यांच्या बाजूने असेन.

सरळमार्गी

आलोच. मंडपवाल्यांची कल्पना मला पटली, फक्त पाच युनिटं घरच्या मीटरवरून भरा. पाच युनिटांसाठी ऑफिसची सोय पणाला कशाला लावायची?

निवांत_चालक

सर्वांचे आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. टॅक्सी बाद. भाड्याने देणंही बाद, दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायला मन होत नाही. व्हीटूएलवर छोट्या शूटिंगची कामं आणि रस्त्यात पडतील तशी केक-सजावटीची पोचवणी, एवढं करून बघतो. वीज घरची वापरेन, मोफत जलद युनिटं कुटुंबाच्या सहलीला उडवू.

मंडपवाले, शेवटचा प्रश्न. दर तासावर लावू की युनिटवर?

मंडपवाला

युनिटवर अजिबात नको, पाच युनिटांचे असे किती देणार कोणी? अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस असे दोनच दर ठेवा, त्यात तुमचं तिथे थांबणं धरा, कारण गाडी सोडून तुम्ही जाणार नाही. लोडची कमाल मर्यादा कोटेशनवर आधीच लिहा, आणि परत यायला पुरेल एवढा चार्ज राहिला की पुरवठा बंद होईल हेही लिहा. बऱ्याच गाड्यांत ही टक्केवारी सेट करता येते. घरी एकदा इस्त्री लावून चाचणी घ्या, म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकासमोर मेनू शोधत बसायला नको.